बाईंच्या गॅसवरचं पातेलं

साडेदहाच्या सुमाराला गॅस संपला. ज्योत आधी पिवळी पडली, बर्नरच्या कडेने दोनदा फडफडली आणि गेली. ड्रायव्हरने लायटर तीनदा ओढून पाहिला, मग खाली वाकून सिलिंडर हलवून पाहिला. एका हाताने उचलला गेला. पातेल्यात दोन किलो डुकराचं मांस चरबीत बुडून अर्धवटच शिजलं होतं आणि मुलगी बाराच्या आत घरी पोचणार होती.

सिलिंडरचं दुकान समोरच्याच रस्त्यावर होतं, खिडकीतून त्याची पाटी वाचता यायची. दुसरा कुणी असता तर पायात चपला सरकवून दहा मिनिटांत भरलेला सिलिंडर घेऊन आला असता. ड्रायव्हरला ते जमणारं नव्हतं. त्याच्या डाव्या पायात घोट्याच्या वर काळा पट्टा होता, बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक डबा होता आणि त्या दोघांचं आपसात ठरलेलं होतं की माणूस दाराबाहेर पडला रे पडला, की डब्याने बोंब मारायची. मग दोन मिनिटांत कार्यालयातून फोन यायचा. सात महिन्यांत तो एकदाच आला होता, कचऱ्याची पिशवी ठेवायला ड्रायव्हर दोन पावलं जास्त गेला तेव्हा. फोनवरची बाई त्याच्या मुलीच्या वयाची असेल. शाळेतल्या पोराला समजावतात तसं तिने त्याला समजावलं होतं.

अजून पाच महिने जायचे होते.

परवाना जप्त झाला तरी त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणायचे. सव्वीस वर्षं त्याने शहरातल्या एकाच मार्गावर बस चालवली, गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही. आणि एका संध्याकाळी वळणावर सायकलवरचा एक सुतार बसखाली आला. तो वाचला, पण उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. ऊन समोरून थेट डोळ्यांवर आलं, मला तो दिसलाच नाही, असं ड्रायव्हरने पोलिसांना सांगितलं आणि पुढे कोर्टातही सांगितलं. त्याच्या सव्वीस वर्षांकडे बघून न्यायाधीशांनी तुरुंगाऐवजी वर्षभर घरातच राहायची शिक्षा दिली.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बायको पहाटेच रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला जायची ती दीड वाजता यायची. रोज दोन तास तो प्लगपाशी खुर्ची ओढून बसायचा, कारण पट्टा चार्ज करावा लागायचा. मोबाइलसारखं स्वतःलाच भिंतीला लावून ठेवायचं. खालून बस गेली की कोणती गाडी दुसऱ्या गिअरला कुरकुरते ते त्याला आवाजावरून कळायचं. चौथ्या महिन्यापासून त्याने स्वयंपाकाला हात घातला. आधी वेळ जाईना म्हणून, मग बायकोने एकदा काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतलं म्हणून.

मुलगी दुसऱ्या शहरात एका छापखान्यात कामाला होती. अपघातानंतर ती घरी फिरकली नव्हती. फोन करायची, पण आईशी जास्त आणि बापाशी तब्येत विचारण्यापुरता. बायको चिडायची. "दगडाचं काळीज आहे पोरीचं," असं एकदा तिला फोनवरच म्हणाली होती. आणि मागच्या आठवड्यात मुलीने आपणहून कळवलं की रविवारी येते, संध्याकाळच्या बसने परत जाईन. तेव्हा ड्रायव्हरने फोन हातात घेऊन विचारलं, "तिकडे तू काय आवडीनं खातेस ते सांग. मी करतो."

तिने सांगितलं. तिच्याबरोबर खोलीत राहणारी मुलगी मेक्सिकोची होती आणि सुट्टीच्या दिवशी ती डुकराचं मांस चरबीत तीन तास शिजवून त्याचे धागे काढायची. खांद्याचं मांस घ्यायचं, मोठे तुकडे करायचे, मीठ चोळायचं. लसूण, तमालपत्र, दालचिनीचा तुकडा, संत्र्याच्या फोडी सालासकट, कपभर दूध. आच अगदी बारीक ठेवायची. चरबीला बुडबुडे यावेत पण तिने उसळी मारू नये. ड्रायव्हरने सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. मक्याच्या पोळ्या ती येताना आणणार होती.

आता ते सगळं थंड शेगडीवर बसलं होतं. त्याने दुकानात फोन केला. रविवारी माणूस नसतो, येऊन घेऊन जा, असं उत्तर आलं. बायकोला फोन करून उपयोग नव्हता, मशीनच्या आवाजात तिला ऐकू जायचं नाही. राहता राहिल्या शेजारच्या बाई.

बाई निवृत्त शिक्षिका होत्या. गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या, एकट्या राहायच्या, आणि या मजल्यावर ड्रायव्हर ज्यांचं दार वाजवायला सर्वांत कचरायचा त्या याच. त्यांनी त्याचं वाईट काहीच केलं नव्हतं. उलट कोर्टात द्यायला त्याच्या बाजूने एक्क्याऐंशी सह्या गोळा केल्या होत्या, दारोदार हिंडून, गुडघे दुखत असताना.

त्याने दार उघडलं, चौकटीच्या आतच उभा राहिला आणि हाक मारली. "बाई, जरा अडचण आहे."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवत सगळं ऐकून घेतलं. त्यांचा सिलिंडर ओट्याखाली कोपऱ्यात बसवलेला होता, तो काढून आणणं त्यांच्या हातचं नव्हतं आणि ड्रायव्हरला पलीकडे पाऊल टाकता येत नव्हतं. मग सिलिंडर येत नसेल तर पातेलंच जाऊ दे, असं बाईंनी ठरवलं. पातेलं जड, त्यात तापलेली चरबी. बाई आत गेल्या आणि शिकवणीच्या खोलीतली चाकाची खुर्ची ढकलत घेऊन आल्या. पंधरा मिनिटं चरबी निवू दिली. मग ड्रायव्हरने पातेल्याचं झाकण दोरीने बांधलं, पातेलं खुर्चीवर ठेवलं आणि हात जाईल तिथपर्यंत ढकललं. पलीकडून बाईंनी ओढलं. जिन्यासमोरची चार पावलांची फरशी ओलांडून मांस शेजारी गेलं.

"आता मी काय करू ते इथूनच सांगा," बाई आतून म्हणाल्या. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

ड्रायव्हर स्टूल आणून दारात बसला. दोन्ही दारं सताड उघडी होती, त्याला बाईंची पाठ आणि अर्धी शेगडी दिसायची.

"बुडबुडे किती येतायत?"

"मोजू का?"

"नको. मोठे आहेत की बारीक?"

"बारीक. साबणाच्या पाण्यासारखे."

"मग राहू द्या तसंच."

बाई मधूनमधून दारात येऊन उभ्या राहायच्या. आज मुलगी येणार म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं होतं. "आली म्हणजे तिला जरा सांगा मी काय म्हणते ते. पोरीने बापाची लाज कशाला वाटून घ्यायची? त्या वळणावर संध्याकाळी काय ऊन येतं ते मला ठाऊक आहे. तुमच्या बसमधून मी वर्षानुवर्षं गेले आहे. उन्हापुढे माणूस काय करणार? मी सगळ्यांना हेच सांगते."

"हो," ड्रायव्हर म्हणाला.

"तुम्ही कधी सिग्नल तोडलेला मी पाहिला नाही."

"बाई, तळाला लागत नाहीये ना बघा."

बाई आत गेल्या आणि त्याने मान खाली घातली. ऊन होतं, ते खरंच होतं. पण ते रोजच असायचं आणि रोज तो काचेवरची उन्हाची झडप खाली ओढून, वेग कमी करून वळण घ्यायचा. त्या दिवशी स्टिअरिंगजवळ ठेवलेला फोन उजळला. पडद्यावर मुलीचं नाव होतं. तिचा फोन त्या वेळेला कधी येत नसे. त्याने पाहिलं, नाव वाचलं, काही झालं तर नसेल ना असं मनात आलं, आणि तेवढ्यात बस वळली होती. फोन दोनदा वाजून बंद झाला. कुणी विचारलं नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीला विचारावंसं कुणाला वाटलं नाही. बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं.

पावणेबाराला जिन्यावर पावलं वाजली. मुलगी वर आली तेव्हा बाप दारात स्टुलावर बसून समोरच्या घरात ओरडून विचारत होता, "रंग आलाय का?"

ती तिथेच थांबली. बारीक झाली होती, केस कापले होते. तिची नजर आधी पट्ट्याकडे गेली, मग चेहऱ्याकडे.

"ये," तो उठत म्हणाला. "पातेलं बाईंकडे आहे. आमचा गॅस गेला."

तिला हसू आलं आणि ते पुरतं येण्याआधीच गेलं. ती बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन पाहून आली. सुरी टोचली की आरपार जातेय म्हणाली. चांगलं झालंय म्हणाली. अजून अर्धा तास ठेवलं, आणि मग मांसाचे तुकडे एका परातीत काढून ती घरी घेऊन आली. बाईंनी बजावलं, "धागे काढून झाले की परत इकडे आणा, शेवटचं परतून मी देते."

टेबलाशी बाप-लेक समोरासमोर बसले. दोघांच्या हातात दोन-दोन काटे. एका काट्याने तुकडा दाबून धरायचा, दुसऱ्याने ओढायचं. मांस इतकं मऊ झालं होतं की नुसतं टेकवलं तरी सुटत होतं. वाफेला संत्र्याचा वास होता. काही वेळ तेवढाच आवाज होता, काट्यांचा.

"बाबा, पाच चव्वेचाळीस," मुलगी म्हणाली.

"काय?"

"माझा फोन. माझ्या फोनमध्ये वेळ आहे. पेपरात अपघाताची वेळ पावणेसहा छापली होती."

ड्रायव्हरचा हात थांबला नाही. "ऊन होतं," तो म्हणाला.

"असेल. मी ते विचारत नाहीये."

खालून एक बस गेली. तिचा आवाज पुरता लांब जाईपर्यंत तो थांबला.

"पाहिलं मी," तो म्हणाला. "तुझं नाव पाहिलं. त्या वेळेला तू कधी फोन करत नाहीस, म्हणून पाहिलं."

"काही नव्हतं हो. खोली मिळाली ते सांगायचं होतं. मग म्हटलं तुम्ही गाडीवर असाल, म्हणून कट केला." तिने काटे खाली ठेवले. "आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. तेव्हापासून हे माझ्या छातीवर बसलंय. माझं नाव येऊ नये म्हणून तुम्ही—"

इथे त्याने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. स्वतःचीही समजूत त्याने कित्येक दुपारी अशीच घातली होती, बाप होता म्हणून बोललो नाही अशी. पण ती समोर बसली होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. "फोन करणं हा काही गुन्हा नाही. तुला कुणी हात लावला नसता. फोन बघितला असं म्हटलं असतं तर मला आत टाकलं असतं. मी घाबरलो. माझ्यासाठी बोललो."

तिने काटे पुन्हा उचलले. तिला हलकं वाटलं की राग आला, त्याला काही उमगेना. बहुधा तिलाही नसेल.

"मी त्या सुताराकडे जाते," ती शेवटी म्हणाली. "तीनदा गेले."

"इथे? या शहरात?"

"बसमधून उतरून सरळ तिकडे, आणि तिथून परत."

"आणि घरी आली नाहीस."

"घरी येऊन तुमच्याकडे कशी बघणार होते? त्यांना सांगितलंय की मी एका संस्थेकडून येते. ते खुर्ची देतात, पाणी देतात. म्हणतात, त्या ड्रायव्हरची चूक नाही, ऊन होतं. त्यांना कुणीतरी तसं पटवून दिलंय. दर वेळी वाटतं सांगून टाकावं. पण सांगितलं की तुम्हाला घेऊन जाणार. नाही सांगितलं की मी त्यांच्यासमोर बसून खोटं पाणी पिणार. तुम्ही या घरात अडकलात आणि मी तुमच्यात."

तो उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. जायला दुसरीकडे जागाच नव्हती. एरवी असं काही झालं तर माणूस पायऱ्या उतरून खाली रस्त्यावर जातो, एक फेरी मारून येतो.

"ड्रायव्हर," समोरून बाईंची हाक आली, "तवा तापलाय."

मुलीने परात उचलली आणि गेली.

बायको दीडला आली. हात धुलाईघरातल्या सोड्याने पांढरे पडलेले. तिने मुलीकडे पाहिलं, "आठवण झाली म्हणायची घराची," म्हणाली, आणि मग पर्स ठेवायलाही न थांबता तिला जवळ घेतलं. बाईंना जेवायला बोलावणं भागच होतं. आपला गॅस आणि अर्धा दिवस त्यांनी दिला होता. त्या साडी बदलून, तवा फडक्यात गुंडाळून आल्या.

जेवण चांगलं झालं होतं, हे कबूल करायला हवं. मांसाच्या कडा कुरकुरीत आणि आत रसाळ. मक्याच्या पोळीवर ते घालायचं, वर कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि लिंबू पिळायचं. बायकोने तीन पोळ्या खाल्ल्या. बाईंनी दोन खाऊन तिसरीला नको नको म्हणत ताट पुढे केलं. आणि मग, पाणी पिऊन, त्यांनी मनात ठेवलेलं बोलायला घेतलं.

"हे बघ, बाळा, मोठी आहे म्हणून सांगते. बापाला दोष देऊ नकोस. त्या उन्हाने घात केला. मी न्यायाधीशांनाही लिहून दिलं आहे, की या माणसाचं लक्ष रस्त्यावरून कधी हललेलं मी पाहिलेलं नाही. एक्क्याऐंशी लोकांनी खाली सह्या केल्या आहेत."

"पहिली माझी," बायको म्हणाली.

ड्रायव्हरने तांब्या उचलून बाईंचा पेला पुन्हा भरला. मुलगी ताटातला एक धागा काट्याने या कडेकडून त्या कडेला नेत होती.

"बोल की काहीतरी," बायको तिला म्हणाली. "बाई तुझ्या बापासाठी किती झटल्या."

"हो," मुलगी म्हणाली. "खूप झटल्या."

"तिखट लागलं का ग?" बाईंनी विचारलं. "डोळ्यांत पाणी आलंय."

"लागलं थोडं."

बायकोने साखरेचा डबा पुढे सरकवला. मुलीने चिमूटभर साखर तोंडात टाकली. चौघांनी ताटं रिकामी केली.

पाचच्या बसला मुलगी निघाली. निघताना तिने एका कागदावर सुताराचा नंबर लिहिला, घडी केली आणि बापाच्या शर्टाच्या खिशात ठेवली. "मी सांगणार नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच काय ते ठरवा. पण लवकर ठरवा." आणि ती जिना उतरली.

बायको ओट्याशी भांडी घासत होती. ड्रायव्हर तिच्या पाठीमागे उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, नळाच्या आवाजात, एका दमात. तिने नळ बंद केला. हात पुसले नाहीत.

"म्हणजे म्हणून ती येत नव्हती."

"हो."

"आणि मी तिला दगड म्हटलं."

ती खाली पाटावर बसली. मग म्हणाली, "वर्ष संपू दे. पट्टा सुटू दे, मग सांगा त्या माणसाला."

"सुटल्यावर सांगण्यात काय राम आहे?"

"आणि आत्ता सांगून तुम्हाला नेलं तर? मी काय करायचं इथे?"

पुढचे नऊ दिवस त्या घरात दोघांच्या बोलण्यात मीठ, दूध आणि साबण याखेरीज काही आलं नाही. तो प्लगपाशी बसायचा, खिशातला कागद काढायचा आणि परत ठेवायचा. एकदा बायकोने शर्ट धुवायला नेण्याआधी कागद काढून टेबलावर ठेवला, आणि वर फोन ठेवला.

दहाव्या दिवशी दुपारी, ती घरात असताना, त्याने नंबर फिरवला. समोर जाऊन उभं राहणं शक्य नव्हतं. एका पायाच्या माणसाला तीन मजले चढून या म्हणणं तर तोंडातूनही निघालं नसतं. आपण कोण ते त्याला दोनदा सांगावं लागलं. मग त्याने फोनचं सांगितलं, पडद्यावरच्या नावाचं सांगितलं, कोर्टातल्या खोट्याचं सांगितलं. पलीकडे कुठेतरी करवत चालली होती, ती बंद झाली.

"हे आता का सांगता?" सुताराने विचारलं.

ड्रायव्हरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती मुलगी. संस्थेची म्हणून येते ती. तुमची?"

"हो."

"वाटलंच होतं मला. संस्थेची माणसं एवढा वेळ बसत नाहीत." पलीकडे लाकडावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. "मी काय करायचं ते मी बघेन. तुम्ही परत फोन करू नका." आणि त्याने फोन ठेवला.

त्यालाही आता महिना होऊन गेला. कोर्टाकडून काही आलेलं नाही. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की बायको हातातलं काम थांबवते आणि पाऊल वरच्या मजल्याकडे गेलं की पुन्हा सुरू करते. बाईंना ड्रायव्हरने मागच्या सोमवारी दारात उभं राहून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पदराने पुसला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. शिकवणीच्या मुलांचे आवाज येतात, त्यांचा येत नाही.

मुलगी गेल्या रविवारी सुताराकडे गेली होती. या वेळी खरं नाव सांगून. त्याने दार उघडलं, तिला आत घेतलं, पण पाणी विचारलं नाही. तो एका खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होता, तो मारत राहिला. अर्ध्या तासाने म्हणाला, "ते टोक जरा धर." तिने धरलं. तिथून निघून ती घरी आली, आईच्या हातचा चहा घेतला आणि बापाला हे सगळं सांगितलं.

"मग काय म्हणाला शेवटी?" ड्रायव्हरने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "चौकट पुरी झाल्यावर म्हणाला, जा आता."